एकाच्या आतली चूक

पैसे सोडून नुसते रुपये मोजायचे ठरवले, तर २ रुपये ६० पैशांचे होतात २. दोनदा घेतले की ४. पण आधी बेरीज करून मग पैसे सोडले, तर ५ रुपये २० पैशांचे ५. एका रुपयाचा घोळ झाला. मात्र रकमा लाखांतल्या असल्या तरी दोन रकमांच्या बेरजेत हा घोळ एका रुपयापुढे जात नाही. बेरीज अशी ‘जवळजवळ’ पाळणाऱ्या फलनाशेजारी ती काटेकोर पाळणारं फलन असतंच का?

वास्तव संख्यांच्या क्रमिकांपुरतं उत्तर गणितज्ञ पोल्या आणि सेगो यांच्या १९२५च्या प्रश्नसंग्रहात होतं. व्यापक प्रश्न स्टॅनिस्लाव उलाम यांनी १९४० साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या व्याख्यानात गटांविषयी विचारला. पुढच्याच वर्षी डोनाल्ड हायर्स यांनी बानाख अवकाशांपुरता तो सोडवला. युक्ती दुपटीची. दुप्पट करून फलन काढायचं आणि निम्मं करायचं: मूळ फलनाशी फरक फार तर अर्धा. पुन्हा तेच केलं की आणखी पाव, मग अर्धपाव. सगळ्यांची बेरीज एकाच्या आत, आणि हाती येतं ते चोख फलन. यात वजाबाकी कुठेच लागत नाही. म्हणून क्रमनिरपेक्ष अर्धगटांवरही हीच युक्ती चालते.

क्रम बदलला की उत्तर बदलतं अशा गटांत मात्र ती अडते, कारण तिथे दोघांच्या गुणाकाराची दुप्पट म्हणजे दोन दुपटींचा गुणाकार नव्हे. ही अडचण नुसती सिद्धतेची नव्हती. रॉबर्ट ब्रुक्स यांनी १९८१ साली मुक्त गटावर शब्द मोजणारी फलनं दाखवली. ‘अ’ आणि ‘ब’ ही अक्षरं आणि त्यांचे व्यस्त यांच्या शब्दांत ‘अब’ किती वेळा येतो ते मोजायचं आणि त्याचा व्यस्त जितक्या वेळा येतो तितके वजा करायचे. दोन शब्द जोडले तर चूक फक्त सांध्यापाशी होते. जी अक्षरं परस्परांना खोडतात, त्यांच्या मोजण्याही एकमेकींना खोडतात. शेजारी चोख फलन असतंच, तर नुसत्या ‘अ’च्या आणि नुसत्या ‘ब’च्या घातांवर आपली मोजणी शून्य येत असल्यामुळे तेही सर्वत्र शून्य ठरलं असतं. पण ‘अब’ शंभरदा लिहा, मोजणी शंभर!

ऐंशीच्या दशकात उलाम यांचा प्रश्न असा उलटा फिरला. जिथे उत्तर ‘नाही’, तिथली फलनंच गट ओळखण्याचं साधन झाली; १९९१ साली क्रिस्तोफ बावार यांनी क्रमविनिमयकांच्या, म्हणजे दोन घटकांचा क्रम बदलल्याने पडणाऱ्या फरकांच्या, गुणाकारातून बनणाऱ्या घटकांची ‘लांबी’ त्यांच्यावरून मोजून दाखवली.

साध्या पूर्णांकांवरही ही चूक फळाला आली. १९८५ साली रॉस स्ट्रीट यांनी स्टीफन शानुएल यांची कल्पना मांडली: पूर्णांकांवरून पूर्णांकांकडे जाणारी जवळजवळ बेरजी फलनं घ्या, मर्यादित फरकाची एकच माना, की वास्तव संख्या तयार! २ रुपये ६० पैसे पाच वेळा घेतले की पूर्ण १३ रुपये. पैसे सोडून मोजत गेलो, तरी पुरेसं लांब गेल्यावर रुपयेच पैसे परत देतात.