नळीच्या वाटेने

आयसीयूबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना सहाव्या-सातव्या दिवशी डॉक्टर आत बोलावतात. ‘इन्फेक्शन वाढलंय, हायर अँटिबायोटिक सुरू करतोय.’ नातेवाईक चक्रावतात. ‘काल तर ऑक्सिजन कमी केला होता तुम्ही! आणि इन्फेक्शन होतं म्हणूनच आणलं ना यांना?’

प्रश्न रास्त आहे. पण पुष्कळदा हे इन्फेक्शन दुसरंच असतं. पेशंटला आयसीयूत आणलं विषाणूने. आता फुप्फुसात उतरलेले असतात जिवाणू.

ही जोडगोळी जुनी आहे. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझा मुंबईत शिरला आणि त्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं नेली. फ्लूचा विषाणू तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हता. माणसातून तो वेगळा काढला गेला १९३३ मध्ये. तोवर अनेक डॉक्टर फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने शोधलेल्या जिवाणूलाच गुन्हेगार धरून बसले होते. निदान चुकलं होतं, पण अगदीच हवेत नव्हतं. २००८ मध्ये मोरेन्स, टाउबेनबर्गर आणि फाउची या अमेरिकन संशोधकांनी त्या साथीतल्या ५८ मृतांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरले. सगळ्यांत जिवाणूंच्या न्यूमोनियाच्या ठळक खुणा होत्या. स्वाइन फ्लूच्या वेळी, २००९ मध्ये, अमेरिकेत तपासलेल्या ७७ मृतांपैकी २२ जणांच्या फुप्फुसात जिवाणू सापडले. म्हणजे अँटिबायोटिकच्या जमान्यातही प्रकार संपलेला नव्हता.

श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर बारीक केस असतात. त्यांची सततची हालचाल कफ आणि त्यात अडकलेले जंतू वर घशाकडे ढकलते. फ्लूचा विषाणू नेमकं हेच अस्तर सोलून काढतो. शिवाय विषाणूशी लढण्यात गुंतलेली प्रतिकारशक्ती जिवाणूंच्या बाबतीत काही दिवस ढिली पडते. घशात एरवी निमूटपणे राहणारा न्यूमोकॉकस हा जिवाणू मग खाली उतरतो.

आयसीयूत यात नळीची भर पडते. व्हेंटिलेटरची नळी तोंडातून श्वासनलिकेत जाते. तिच्या टोकाशी एक छोटा फुगा असतो, तो हवा निसटू देत नाही. झोपेच्या औषधाखालचा पेशंट खोकू शकत नाही, गिळू शकत नाही. लाळ त्या फुग्यावर साचत राहते आणि कडेने थेंब थेंब खाली झिरपते. नळीच्या आतल्या बाजूला जंतूंचा चिकट थर बसतो. त्यात कोविडसारख्या आजारात स्टेरॉइड द्यावं लागतं. जीव वाचवणारं औषध खरं, पण प्रतिकारशक्ती दाबणारंही.

इथे भेटणारे जंतू घशातले साधे जंतू नसतात. लॅबमध्ये बशीवर गुलाबी, बुळबुळीत, ताणली तर तार सुटेल अशी वसाहत उगवते ती क्लेब्सिएल्लाची. दुसरा अॅसिनेटोबॅक्टर, हा बेडच्या कठड्यावर, मॉनिटरच्या बटणांवर कोरड्यातही कित्येक दिवस तग धरतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जाळ्यातल्या १० रुग्णालयांनी जून ते ऑगस्ट २०२० या काळातल्या १७,५३४ कोविड रुग्णांची नोंद तपासली, तेव्हा हेच दोघे आघाडीवर होते. असं दुसरं इन्फेक्शन झालेले रुग्ण होते जेमतेम ३.६ टक्के. मात्र एकूण मृत्यूचं प्रमाण १०.६ टक्के असताना या मूठभरांत ते ५६.७ टक्के निघालं. हे रुग्ण मुळातच जास्त आजारी होते, हे धरूनही आकडा अंगावर येतो.

मग सगळ्यांना आधीच अँटिबायोटिक का देऊ नये? कोविडमध्ये नेमकं तेच झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत रुग्णालयात दाखल झालेल्या कोविड रुग्णांपैकी साधारण ८ टक्क्यांनाच जिवाणूंचं इन्फेक्शन होतं. अँटिबायोटिक मिळालं जवळपास ७५ टक्क्यांना. साधे जंतू त्याने मरतात, मोकळी झालेली जागा चिवट जंतू बळकावतात, आणि खरी वेळ येते तेव्हा डॉक्टरांच्या हाती कोलिस्टिनसारखं मूत्रपिंडाला जड जाणारं औषध उरतं.

अर्थात डॉक्टरांना नुसता दोष देऊन भागत नाही. विषाणूनेच पांढऱ्या केलेल्या एक्स-रेत नवा डाग ओळखायचा कसा? ताप दोन्हीकडे, श्वास दोन्हीकडे लागलेला. नळीतून ओढलेल्या कफाचं कल्चर यायला दोन-तीन दिवस लागतात. त्यात जंतू उगवला तरी तो नुसता नळीत वस्तीला आहे की फुप्फुस पोखरतोय, हे रिपोर्ट सांगत नाही. तोवर रक्तदाब कोसळू लागला, तर थांबून बघण्याची हिंमत कोण करणार?

म्हणून खरी लढाई औषधाच्या आधीची आहे आणि ती बरीचशी सिस्टरांच्या हातात आहे. बेडची डोक्याकडची बाजू उचललेली ठेवणं, तोंड ब्रशने साफ करणं, सक्शन, फुग्यातला दाब बघणं, रोज सकाळी झोपेचं औषध कमी करून नळी काढता येईल का ते पाहणं. आणि एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुणं. या कामांची बातमी होत नाही, बिलात वेगळी ओळ येत नाही. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक सिस्टर, असा संकेत आहे. कोविडच्या लाटेत मशिनं आठवड्याभरात आली, ती सांभाळायला शिकलेली माणसं आली नाहीत. तीन-चार नळ्यांमागे रात्रभर एकटीने धावणाऱ्या सिस्टरला दर वेळी हात धुवायला ते अर्धं मिनिट मिळत नव्हतं.