पगार आणि शांती

महिनाअखेरीस घरोघरी ज्याची वाट पाहिली जाते, तो ‘पगार’ हा शब्द मूळचा मराठी नव्हे. तो पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत ‘पगार’ म्हणजे पैसे देणे, ऋण फेडणे. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांचा अंमल होता. पाव, चावी, बटाटा यांच्या संगतीने हा शब्दही मराठीत रुळला आणि आज इंदूरच्या हिंदी बोलीतही तो परका वाटत नाही.

परंतु पोर्तुगीजांनाही तो वारशानेच मिळाला. त्याचे मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. आणि ‘पाकारे’ची जननी ‘पाक्स’, म्हणजे शांती. कालांतराने, ज्याचे देणे आहे त्यास ते देऊन त्याचे समाधान करणे, असा अर्थ ‘पाकारे’ला आला. इटालियन ‘पागारे’, फ्रेंच ‘पेये’, इंग्रजी ‘पे’ ही त्याचीच संतती. आणि शांतीचा वाचक असलेला इंग्रजी ‘पीस’ हा त्यांचा आप्त. लॅटिन मिस्सेत धर्मगुरू भाविकांना जी ‘पाक्स’ देतो, ती हीच.

या नात्यात मोठा बोध आहे. ज्याचे देणे थकले, त्याच्या घरी शांती कोठून नांदणार? इंदूरची हुकुमचंद मिल १९९०च्या दशकाच्या आरंभी बंद पडली आणि सुमारे ४,८०० कामगारांचे देणे अडकले. न्यायालयाच्या पायऱ्या चढता चढता वर्षे लोटली. कित्येकांनी वाट पाहतच डोळे मिटले. अखेर २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश त्यांच्या देण्यापोटी सुपूर्द करण्यात आला. तो दिवस नाताळचा, शांतीच्या राजाच्या जन्माचा! परंतु जे निवर्तले, त्यांच्या हाती तो पैसा पडला नाही.

परमगुरू लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या पत्रात कामगाराच्या न्याय्य वेतनाचा कैवार घेतला. मजुराची मजुरी बुडविणे हे स्वर्गापर्यंत आक्रोश पोहोचविणारे पातक होय, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे.

वाचकहो, हा उपदेश केवळ गिरणीमालकांसाठी नाही. आपल्या शेतावर निंदणीस येणारी बाई, सालगडी, घर शाकारणारा मजूर यांचेही आपण देणेकरी आहो. ‘पुढच्या बाजारी देऊ’ असे म्हणून त्यांस परत धाडू नये. मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, असे मोशेच्या नियमशास्त्रातही सांगितले आहे. ती वेळेवर दिली, म्हणजे दोन घरी शांती नांदते: घेणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्याही.