गळ, रीळ आणि जिताडा : तळोज्याच्या खाडीतील मत्स्यविनोद

जुन्या महसुली दप्तरांत ‘तर्फ तळोजे’ या नावाने नोंदलेला पनवेल तालुक्यातील मुलूख आज पोलाद, रसायने, रंग आणि मध्यवर्ती कारागृह यांच्या निमित्ताने वर्तमानपत्रांत वरचेवर झळकत असला, आणि बेलापूरहून पेंधरपर्यंत 2023 च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या मेट्रोमुळे तो आता महानगराच्या हद्दीत पुरता सामावला असला, तरी त्याची मूळ प्रकृती खाजणाचीच आहे. भरतीचे खारे पाणी जेथवर चढते तेथवर तिवरांचे जंगल, त्याच्या पाठीशी मातीचे बांध, बांधांत पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी ठेवलेल्या उघाड्या आणि बांधाआड भाताची खाचरे, अशी ही रचना बांध राखण्याच्या जुन्या शिलोत्री पद्धतीच्या काळापासून चालत आली. 1948 च्या खारजमीन कायद्याने तिची देखभाल सरकारच्या अखत्यारीत आणली, आणि सिडकोच्या नगररचनेने तिचा पुष्कळसा भाग भरावाखाली गाडला. तथापि जो उरला आहे, त्यात अजून एक मासा राहतो, ज्याच्यासाठी रायगड जिल्ह्यातील माणूस पापलेटालाही दुय्यम लेखतो. तो जिताडा होय.

जिताड्याचे शास्त्रीय नाव लेट्स कॅल्कॅरिफर. ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने 1790 मध्ये त्याचे वर्णन केले. आगरी-कोळी समाजात त्याची प्रतिष्ठा अशी की, जावई प्रथम घरी आला असता जिताडा रांधला नाही तर यजमानाची अब्रू जावी. आणि कचेरीत अडकलेला कागद साहेबाच्या घरी जिताडा पोहोचताच सुटतो, हा जिल्ह्यातील लोकविनोद मामलेदारांच्या कित्येक पिढ्यांनी हसत सोसला आहे. पेण-अलिबागकडे पावसाळ्यात भरतीबरोबर खाचरांत शिरलेली त्याची पिल्ले धरून शेततळ्यात सोडण्याची व दोन-तीन वर्षे वाढविण्याची रीत जुनी आहे. हा मासा समुद्राच्या खाऱ्या पाण्यात, नदीमुखाजवळ अंडी घालतो. पिल्ले भरतीच्या ओघाने तिवरांच्या मुळांत आणि तेथून गोड्या पाण्यात चढतात. पुढे प्रौढ होऊन पुन्हा समुद्राकडे उतरतात. त्याच्या आयुष्यातील दुसरे वैचित्र्य असे की, तो प्रथम नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी, देह मोठा झाल्यावर, मादी होतो. या गोष्टीचा गळाशी काय संबंध, हे लेखाच्या अखेरीस येईल.

इंग्रजी मालसूचीत जिताड्याला ‘एशियन सी बास’ म्हणतात आणि तेथूनच आपल्याकडील हौशी मासेमाराची पहिली दिशाभूल सुरू होते. अमेरिकेत ज्या ‘बास’ माशाभोवती काठ्या, रिळे आणि कृत्रिम आमिषे यांचा अवाढव्य उद्योग उभा राहिला, तो तळ्यांतला, गोड्या पाण्यातला, निराळ्या कुळातला मासा. टेत्सुमा आकाबोशी नावाच्या उद्योगपतीने 1925 मध्ये तो जपानच्या आशी सरोवरात नेऊन सोडला, आणि जपानी कारखानदारांनी त्याच्यासाठी इतकी नाजूक व देखणी साधने घडविली की, आज मुंबईत विकावयास येणारी बहुतेक चांगली काठी ‘बास रॉड’ या नावाचीच असते. जॉर्ज पेरी याने 1932 मध्ये जॉर्जिया संस्थानात पकडलेला आणि मानाबु कुरिता याने 2009 मध्ये बिवा सरोवरात पकडलेला, असे या जातीचे दोन जागतिक विक्रमी मासे प्रत्येकी दहा किलोंच्या किंचित वर भरले. उलट ऑस्ट्रेलियात 2010 मध्ये गळाला लागलेला जिताडा 44.64 किलोंचा होता. तेव्हा नाव एक म्हणून हत्यार एक, हे अनुमान महाग पडते. मात्र दोहोंच्या स्वभावात खरोखर साम्य आहे. दोघेही दबा धरून बसणारे, पाठलागापेक्षा घातावर भिस्त ठेवणारे, आणि जबडा एकदम उघडून पाण्याच्या लोटासह भक्ष्य आत ओढणारे. म्हणून बासच्या साधनांचे तत्त्व जिताड्याला लागू पडते. माप पडत नाही.

गळाने मासे धरणे ही इंग्रजांनी शिकविलेली करमणूक, असा एक समज सुशिक्षितांत आहे. तो खरा नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या विनोदांमध्ये ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण असून, त्यात माशांच्या जाती, त्यांना कोणते खाद्य घालून एका जागी आणावे, काठी, दोर व गळ कसे असावेत, मासा लागल्यावर त्याला कसे खेळवावे, याचे विवरण आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या प्रकरणावर सविस्तर निबंध लिहून ते प्राणिशास्त्रज्ञांच्या नजरेस आणले. ‘मानसोल्लासा’नंतर सात शतकांनी, 1873 मध्ये, मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सुलिव्हन टॉमस याचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ मंगळुरास छापला गेला. साहेबांचे लक्ष मात्र प्रायः महसीर माशावर असे. आपल्याकडेही मत्स्यव्यवसाय खात्याचे डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी लोणावळ्याच्या टाटांच्या जलाशयावर महसीरच्या कृत्रिम प्रजननाचे जे मोलाचे काम केले, त्याने त्याच माशाची कीर्ती वाढविली. खाडीतला जिताडा साहेबी ग्रंथांत उपेक्षितच राहिला. त्याचे ज्ञान राहिले पाग (फेकजाळे) फेकणाऱ्याच्या आणि गरी (गळ) टाकणाऱ्याच्या हातात, आणि ते कोणी लिहून ठेवले नाही.

साधनांची निवड दुकानात काठीपासून सुरू होते आणि पाण्यावर आमिषापासून. प्रस्तुत लेखकाच्या मते दुसरा क्रमच खरा आहे. कारण मासा ज्या वस्तूस तोंड लावतो ती आमिष आहे, आमिषाच्या वजनावरून काठी ठरते, काठीवरून दोर आणि दोरावरून रीळ. तळोजा-पनवेलच्या खाडीत जिताडा बोईट, कोळंबी, निवट्या आणि लहानसहान खाडीमासे खातो. येथील पाणी गाळाने गढूळ असते. त्यात रंगाचे सूक्ष्म भेद, ज्यांवर मालसूचीची पाने खर्ची पडतात, ते फारसे दिसावयाचे नाहीत. दिसते ती आकृती आणि जाणवते ते कंपन, कारण माशाच्या कुशीवरून जाणारी संवेदनरेषा पाण्यातील हालचाल टिपते. यास्तव नऊ ते बारा सेंटिमीटर लांबीचा, थरथरत पोहणारा, खालच्या जबड्याशी पातळ जीभ असलेला कृत्रिम मासा, ज्याला व्यवहारात ‘मिनो’ म्हणतात, तो येथील पहिला सोबती. त्याचा रंग एकतर गडद किंवा पोपटी-पिवळा. मधल्या पन्नास छटा खिशातच राहू द्याव्यात.

या मिनोचे मूळ एका दरिद्री फिनिश कोळ्याच्या हातात आहे. लॉरी रापाला नावाच्या त्या माणसाने पाहिले की, मोठा मासा थव्यातील धडधाकट मासळीला सोडून नेमक्या लंगड्या, डळमळत पोहणाऱ्या मासळीवर झडप घालतो. 1936 मध्ये त्याने बुचाच्या लाकडातून तशीच डळमळणारी आकृती कोरली, चॉकलेटच्या चकचकीत कागदाने ती मढविली आणि छायाचित्रांच्या फिती वितळवून तिच्यावर लेप दिला. आजची प्लॅस्टिकची, पोटात शिशाच्या गोळ्या खुळखुळणारी आमिषे हीच त्या बुचाची सुधारून वाढविलेली आवृत्ती होय.

तथापि तिवरांच्या मुळांत मिनो घालणे म्हणजे त्याचे विसर्जनच, कारण त्याच्या पोटाशी लोंबणारे तीन-तीन टोकांचे दोन गळ प्रथम मुळाला धरतात. तेथे मऊ रबरी आमिष हवे, ज्याच्या देहात गळाचे टोक दडविलेले असते. ही कल्पना अमेरिकेतील ओहायो संस्थानच्या निक क्रीम याने 1949 मध्ये केलेल्या रबरी गांडुळापासून आली. तीन ते पाच इंचांची शेपूटहलवी रबरी मासळी मुळांच्या कडेला टाकावी, क्षणभर बुडू द्यावी, आणि दोर किंचित ढिला ठेवून ओढावी. जिताड्याचा घाव बहुधा ती बुडत असतानाच पडतो. कातळावर किंवा पुलाखाली, जेथे प्रवाह जोराचा, तेथे धातूची अथवा जड थरथरती पट्टी बरी. पृष्ठभागावर फटफट आवाज करणारे पॉपर पहाटे व तिन्हीसांजेला गंमत देतात. भर दुपारी ते केवळ टाकणाऱ्याचा व्यायाम घडवितात.

आता काठी. वरील आमिषांची वजने दहा ते तीस ग्रॅमच्या दरम्यान पडतात, आणि तेवढे वजन पेलून फेकणारी काठी काठावरून सात फुटांची, होडीतून साडेसहाची पुरे. बासच्या हलक्या काठीवर चार किलोंचा जिताडा लागला, तर तो तिला वाकवून पहिल्या धावेतच मुळांत शिरतो; त्याला तेथून वळविण्याची ताकद काठीच्या बुंध्यात असावी आणि टोक मात्र लवचिक असावे. बाजारात हिला मध्यम-जड शक्तीची, जलद वळणाची काठी म्हणतात. चिरलेल्या बांबूच्या काठ्या जाऊन दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या आल्या, आणि विमानांसाठी इंग्लंडच्या फार्नबरो येथे विकसित झालेले कार्बनतंतू 1970 च्या दशकात काठ्यांत उतरले. कार्बनाची काठी हलकी आणि हळवी असते, पण खडकावर आपटली तर तिला पडलेली सूक्ष्म चीर ऐन वेळी दगा देते. होडीच्या खाचेत दिवसभर आदळआपट सोसावयाची असेल, तर काचतंतूचे मिश्रण असलेली स्वस्त काठी घेण्यात काही कमीपणा नाही. खर्च वाचवावयाचा तो येथे वाचवावा, रिळात नव्हे.

कारण रीळ हे खाऱ्या पाण्याचे पहिले भक्ष्य. स्थिर चरखीचे, ज्यावर दोर फिरत नसून दोराभोवती कमान फिरते, ते रीळ ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ या गिरणीमालकाने 1905 मध्ये पेटंट केले; गिरणीच्या चातीवरून सूत सुटते तसा दोर सुटावा, हे त्याचे मर्म. आपल्या खाडीस याचेच 3000 ते 4000 क्रमांकाचे, धातूची काया व जलरोधी बैठक असलेले रीळ योग्य. अमेरिकन पद्धतीचे आडवे रीळ मुळांतून मासा ओढण्यास बळकट खरे, परंतु ज्याने अंगठ्याने चरखी आवरण्याचा सराव केलेला नाही, त्याला ते पहिल्याच फेकीत दोराचे घरटे करून दाखवील. शिवाय खाडीवरचा समोरून येणारा वारा हा त्याचा जुना वैरी आहे. रिळातील अडसर, ज्याला ‘ड्रॅग’ म्हणतात, तो दोराच्या ताकदीच्या सुमारे चौथ्या हिश्श्यावर, वजनकाट्याने मोजून लावावा. बोटाच्या अंदाजावर विसंबू नये. आणि घरी परतताच रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवावे. जोराची धार खार बाहेर काढण्याऐवजी आतच ढकलते.

दोराबाबत आपल्या कोळ्यांचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकपदरी दोर, स्वस्त व सोशिक आहे. पण तो ताणतो, आणि ढिल्या दोरावर पडलेला जिताड्याचा घाव हाताला उशिरा कळतो. म्हणून रिळावर वीस ते तीस पौंडांची विणलेली, न ताणणारी दोरी असावी, आणि तिच्या टोकाला दोन-तीन फूट, चाळीस पौंडांचा जाड तंगूस बांधावा. हा शेवटचा तुकडा अत्यावश्यक आहे. जिताड्याच्या कल्ल्यांची धार करवतीसारखी असते आणि त्याचे खरखरीत ओठ बारीक दोर पाहता पाहता झिजवितात.

इतके जमविल्यावरही पंचांग न पाहता निघालेला माणूस रिकाम्या हाताने येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी इतके धावते की हलके आमिष तळाला टेकत नाही; अष्टमीच्या आसपासच्या भांगाला पाणी इतके निपचित की मासाही आळसावतो. यांच्या मधले दिवस, आणि त्यांतही सुकती, म्हणजे ओहोटी, सुरू झाल्यापासूनचे पहिले दोन तास, हे उत्तम. कारण तेव्हा खाचरांतले व खाजणांतले पाणी उघाडीतून उतरू लागते, त्याबरोबर कोळंबी आणि बोईटाची पिल्ले बाहेर येतात, आणि जिताडा उघाडीच्या तोंडाशी, प्रवाहाच्या कडेला, स्थिर पाण्यात उभा राहून वाट पाहतो. आमिष प्रवाहाच्या वरच्या अंगास टाकून पाण्याबरोबर खाली येऊ द्यावे. उलट दिशेने पोहत जाणारी कोळंबी जिताड्याने आजवर पाहिलेली नसते.

परंतु तळोज्याच्या पाण्याविषयी लिहिताना केवळ भरतीचे गणित मांडून थांबता येत नाही. औद्योगिक वसाहतीतून वाहणारी कासाडी नदी पुढे खाडीस मिळते, आणि तिच्यातून वर्षानुवर्षे जे वाहत आले, त्याची दखल देशभर घेतली गेली ती 2017 च्या ऑगस्टमध्ये, जेव्हा येथील रस्त्यांवर निळ्या रंगाची कुत्री फिरताना दिसली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कारखान्यास टाळे ठोकले. कासाडीच्या प्रदूषणाविरुद्ध अरविंद म्हात्रे यांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे दाद मागितली. सांडपाणी प्रक्रियेविषयी आदेश निघाले. जुने कोळी सांगतात की कासाडीच्या मुखाकडची मासळी रॉकेलासारखा वास मारते आणि बाजारात खपत नाही. हौशी माणसाने म्हणूनच वसाहतीखालचा प्रवाह सोडून खाडीच्या रुंद, समुद्राकडील अंगास जावे. आणि तेथेही मिळालेला मासा घरी नेण्याविषयी फार उत्साह धरू नये.

म्हणजे मासा सोडावयाचा. आणि सोडावयाचा हे एकदा ठरले की साधनांच्या यादीतील शेवटची बाब, गळ, बदलते. मिनोवरचे तिहेरी गळ काढून त्यांच्या जागी एकेरी, जाड तारेचे गळ लावावेत आणि त्यांच्या टोकाजवळचे उलटे काटे पक्कडीने दाबून सपाट करावेत. काही मासे यामुळे सुटतील, पण जे लागतील ते कल्ला न फाटता परत जातील. लांब चोचीची पक्कड कमरेलाच असू द्यावी, जबडा धरण्याचे लोखंडी साधन वापरावयाचे तर मासा त्याला उभा न टांगता पोटाखाली ओला हात द्यावा. हे विशेषतः मोठ्या माशाच्या बाबतीत पाळावे, कारण पाच-सहा किलोंच्या पुढचा जिताडा ही बहुशः मादी असते, आणि येत्या पावसाळ्यात नदीमुखाशी अंडी घालावयास जाणारी तीच असते.