माशी आणि खाच

दहा मीटर एअर पिस्तूल स्पर्धेत दुर्बीण किंवा लेझर चालत नाही. पुढच्या साइटची माशी आणि मागच्या साइटची चौकोनी खाच एवढ्यावरच नेम धरायचा. माशीचा माथा खाचेच्या कडांशी समपातळीत हवा आणि दोन्ही बाजूंना प्रकाशाची सारखी फट दिसायला हवी. दोन्ही साइटमधले अंतर साधारण ३२ सेंटिमीटर असते. माशी खाचेत ०.१ मिलिमीटर सरकली, तरी छर्रा लक्ष्यावर सुमारे ३ मिलिमीटर भरकटतो, आणि दहाचे वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचे!

म्हणून साइट निवडताना खरा प्रश्न या फटीच्या रुंदीचा. फट फार अरुंद असेल तर डोळा शिणतो; फार रुंद असेल तर माशी एका बाजूला कलल्याचे कळत नाही. नवशिक्याने जरा मोकळी फट ठेवावी. कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले त्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात, जलद टप्प्यात हात उचलून गोळी झाडायला तीनच सेकंद मिळतात. तिथेही मोकळी फट सोयीची.

माशी काळीभोर, न चमकणारी हवी. नजर तिच्यावरच खिळवायची. लक्ष्य धूसर दिसले तरी बिघडत नाही. गोळ्या डावीकडे पडत असतील, तर मागची साइट उजवीकडे सरकवावी.