विज्ञानशिक्षकांचे पुरस्कार : निवड कशी होते, मोजले काय जाते?

दरवर्षी ५ सप्टेंबर जवळ आला की शिक्षक पुरस्कारांची चर्चा सुरू होते. यादी जाहीर होते, सत्काराची छायाचित्रे झळकतात आणि आठवडाभरात विषय मागे पडतो. एखाद्या शिक्षकाची निवड नेमकी कशामुळे झाली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकविणाऱ्यांच्या बाबतीत तो अधिक महत्त्वाचा आहे. त्यांच्या कामाचे खरे फळ दहावीच्या निकालपत्रकात पूर्णपणे उतरत नाही. मुलाने प्रश्न विचारला का, प्रयोग स्वतःच्या हाताने केला का, चुकलेल्या निरीक्षणाचे कारण शोधले का, याची नोंद गुणपत्रिकेत नसते.

आपल्या देशातील सर्वांत मानाचा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ साली सुरू झाला. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या जन्मदिनी तो राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जातो. प्रशस्तिपत्र, ५० हजार रुपये आणि रौप्यपदक असे त्याचे स्वरूप आहे. पूर्वी नावे राज्य सरकारांकडून येत आणि एका वर्षी तीनशेहून अधिक शिक्षकांचा गौरव होई. २०१८ साली ही पद्धत बदलली. पुरस्कारांची संख्या ४५ च्या आसपास आणण्यात आली आणि शिक्षकाला स्वतःच ऑनलाइन अर्ज करण्याची मुभा मिळाली. २०२३ पासून उच्च शिक्षण आणि कौशल्य प्रशिक्षण या क्षेत्रांतील शिक्षकांनाही या पुरस्काराचे दार खुले झाले.

निवडीचे टप्पे तीन आहेत. जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती अर्जातील माहितीची पडताळणी करून मोजकी नावे राज्य समितीकडे पाठवते. या जिल्हा समितीत जिल्हाधिकाऱ्यांनी सुचविलेला एक शिक्षणतज्ज्ञही असतो. राज्य समिती त्यांतून निवड करते आणि अंतिम निर्णय स्वतंत्र राष्ट्रीय परीक्षक मंडळ घेते. या मंडळापुढे शिक्षकाला आपले काम स्वतः मांडावे लागते. मूल्यमापनाचे भाग दोन. हजेरी, प्रशिक्षण, वार्षिक गोपनीय अहवाल यांसारख्या मोजता येणाऱ्या बाबींना कमी गुण असतात. अध्यापनातील अभिनव प्रयोग, सहशालेय उपक्रम, समाजाचा शाळेतील सहभाग यांना अधिक. सेवाज्येष्ठतेपेक्षा कामाला दिलेले हे झुकते माप स्वागतार्हच म्हटले पाहिजे.

तुलनेसाठी अमेरिकेतील पद्धत पाहण्याजोगी आहे. गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांसाठी तेथे १९८३ मध्ये अध्यक्षीय पुरस्कार स्थापन झाला. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान त्याचे काम पाहते आणि विजेत्याला १० हजार डॉलर मिळतात. पुरस्कारांची कमाल संख्या १०८ आहे. प्रत्येक राज्याच्या वाट्याला गणितासाठी एक आणि विज्ञानासाठी एक असे जास्तीत जास्त दोनच पुरस्कार येतात. त्यामुळे लहान राज्यातील शिक्षकाला मोठ्या राज्यातील शिक्षकाइतकीच संधी राहते. दुसरे वैशिष्ट्य असे की, अर्जदाराने आपल्या वर्गातील एका पाठाचे चित्रीकरण सादर करावे आणि त्याबरोबर त्या पाठाचे विवेचन लिहावे, अशी तेथील पद्धत आहे. परीक्षक प्रमाणपत्रांच्या जाडजूड फायलीपेक्षा प्रत्यक्ष शिकविणे पाहतात.

साधने तुटपुंजी असली म्हणजे उत्तम काम होत नाही, हा समजही पुरस्कारांच्या इतिहासाने खोटा ठरविला आहे. केनियातील पीटर ताबिची हे गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक. त्यांच्या शाळेत संगणक एकच होता आणि इंटरनेटचा भरवसा नव्हता. तरीही त्यांना २०१९ चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांनी तो मान मिळविला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालून त्यांनी धडे, कविता आणि चित्रफिती मुलांच्या हाती पोहोचविल्या. दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील उर्वरित नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांचा हा प्रयोग मराठी माध्यमाच्या खेड्यातील शाळेत झाला, हे आपल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे.

गोव्यात सहावी ते आठवीच्या वर्गांत कोडिंग आणि रोबोटिक्स आले आहे. अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेने विद्यार्थ्यांच्या हाती सेन्सर आणि त्रिमितीय मुद्रकही दिले. यंत्रे आली, की ती वापरायला शिकविणारा माणूस महत्त्वाचा ठरतो. येथेच एक अडचण उभी राहते. राष्ट्रीय पुरस्काराच्या नियमांनुसार कंत्राटी शिक्षक अर्ज करू शकत नाहीत. संगणकासारखा विषय शिकविणारे मात्र अनेक ठिकाणी कंत्राटी तत्त्वावर काम करतात. म्हणजे ज्या विषयाचा सर्वत्र गाजावाजा होतो, तो शिकविणाऱ्यांपैकी काहीजण पुरस्काराच्या उंबरठ्याबाहेरच राहतात. केंद्राचा नियम राज्याला बदलता येणार नाही. परंतु राज्य पातळीवर अशा शिक्षकांच्या कामाची दखल घेण्यास कोणाची आडकाठी असण्याचे कारण नाही.

दुसरी अडचण नोंदींची आहे. स्वतः अर्ज करण्याच्या पद्धतीत लिहिण्या-मांडण्याची हातोटी असलेला शिक्षक पुढे जातो. सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या एखाद्या हायस्कूलमध्ये नारळाच्या करवंट्या आणि सायकलच्या नळ्या वापरून उपकरणे बनविणारा शिक्षक स्वतःविषयी लिहायला संकोचतो. त्याच्या कामाची छायाचित्रे नसतात, प्रयोगांची टिपणे नसतात. मुख्याध्यापक, पालक-शिक्षक संघ आणि माजी विद्यार्थी यांनी ही उणीव भरून काढावी. कोणता प्रयोग कधी केला, किती मुलांनी स्वतः केला, त्यातून कोणती गैरसमजूत दूर झाली, एवढी तीन वाक्ये दर आठवड्याला वहीत उतरविली तरी वर्षाअखेर भक्कम पुरावा तयार होतो.

पुरस्कारानंतर काय, हाही प्रश्न तितकाच मोलाचा आहे. शिक्षणात माहिती-तंत्रज्ञानाचा वापर करणाऱ्या शिक्षकांसाठी २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारात विजेत्यांनी इतर शिक्षकांना मार्गदर्शन करावे, अशी अपेक्षा होती. हे तत्त्व सर्वच पुरस्कारांना लागू व्हावे. गौरव झालेल्या शिक्षकाचा वर्ग तालुक्यातील इतर शिक्षकांसाठी खुला झाला, त्याने तयार केलेली साधने शिक्षण खात्याने इतर शाळांत पोहोचविली, तर एका व्यक्तीच्या सत्काराचा लाभ शेकडो मुलांना होईल. तसे झाले नाही, तर शाल आणि श्रीफळ घरी जाईल आणि शेजारच्या शाळेतील प्रयोगशाळेचे कपाट पूर्वीसारखेच कुलूपबंद राहील.