तीन पाण्यांचा मुलूख

दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी महाराष्ट्रात आता शोधावी लागते. थरच्या वाळवंटात मात्र ती शेताशेतांत उभी असते. तिकडे तिला खेजडी म्हणतात. तिचा पाला उंट आणि शेळ्या खातात, शेंगांची म्हणजे सांगरीची भाजी होते, आणि तिच्याखाली पेरलेली बाजरी जोमाने येते. या झाडासाठी 1730 साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात 363 बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. राजाच्या बांधकामाला चुना हवा होता आणि चुन्याच्या भट्ट्यांना लाकूड. तोडायला माणसं आली तेव्हा गावातल्या अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या. त्या पडल्यावर त्यांच्या लेकी पुढे झाल्या, मग गावोगावचे लोक. जोधपूरचा मेहरानगड पाहायला सगळे जातात. तिथून तासाभराच्या आत पोहोचता येणाऱ्या खेजडलीला फारसं कुणी जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

थर म्हटलं की प्रवासी जैसलमेरजवळच्या समच्या वाळूच्या टेकड्या आणि तिथला सूर्यास्त डोळ्यांपुढे आणतात. पण वाळूपेक्षा थक्क करणारी गोष्ट म्हणजे इथली माणसं. जगातल्या वाळवंटांमध्ये सर्वांत दाट वस्ती थरमध्ये आहे. जैसलमेरला वर्षभरात सरासरी वीसेक सेंटिमीटर पाऊस होतो, तोही बेभरवशाचा. एवढ्यावर शेकडो वर्षं गावं कशी नांदली, हा प्रश्न मनात ठेवून हिंडलं तर हा मुलूख वेगळाच दिसू लागतो.

इथे पाण्याचे तीन प्रकार मानतात. आभाळातून पडून तळ्यात किंवा टांक्यात साठतं ते पालर पाणी. खोल विहिरीतलं ते पाताल पाणी. ते बहुतेक ठिकाणी खारं निघतं. तिसरं रेजाणी पाणी, आणि त्याची गोष्ट मुळातून ऐकण्यासारखी आहे. काही भागांत वाळूखाली जिप्समचा थर आहे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, पण त्या थरामुळे खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. ते वाळूच्या कणांत ओल होऊन राहतं. ही ओल मिळवण्यासाठी कुईं खणतात. कुईं म्हणजे अगदी अरुंद विहीर. एक माणूस कसाबसा बसून खणू शकेल एवढीच. खणणाऱ्याला चेजारो म्हणतात. तळाशी उकाड्याने जीव गुदमरतो, म्हणून वरचे लोक अधूनमधून मूठमूठ वाळू जोराने खाली टाकतात. तिच्याबरोबर ताजी हवा खाली जाते. भिंत ढासळू नये म्हणून खींप नावाच्या झुडपाचा जाड दोर वळून त्याची वेटोळी आतून एकावर एक बसवतात. एवढं झाल्यावर ओल थेंबाथेंबाने पाझरते आणि दिवसाकाठी दोन-तीन घडे गोडं पाणी मिळतं. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ या पुस्तकात ही सारी विद्या नोंदवून ठेवली आहे. थरला निघण्यापूर्वी ते वाचावंच.

जैसलमेरभोवती खडकाळ माळही पुष्कळ आहे. त्यावरून वाहणारं पाणी उताराच्या पायथ्याशी लांबलचक मातीचा बांध घालून अडवायचं, जमिनीत मुरू द्यायचं आणि ओसरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा, याला खडीन म्हणतात. पुढे सिंचन लागत नाही. पालीवाल ब्राह्मण यात निष्णात होते. त्यांचं ओस पडलेलं कुलधरा गाव जैसलमेरपासून साधारण 18 किलोमीटरवर आहे. दिवाण सालिमसिंहाच्या जाचाला कंटाळून 84 गावं एका रात्रीत उठून गेली, अशी आख्यायिका आहे. आता तिथे प्रवाशांना भुतांच्या गोष्टी ऐकवतात. ज्यांनी वाळवंटात गहू पिकवला त्यांची ओळख भुतांवर येऊन थांबावी, हे मला पटत नाही. कुलधऱ्याला गेलात तर आसपासचं खडीन दाखवायला जरूर सांगा.

संगीताची ओळखही अशीच अपुरी राहते. हॉटेलच्या अंगणात रात्री जे गाणं ऐकायला मिळतं ते बहुधा मांगणियार कलावंतांचं असतं. हे पिढीजात मुसलमान गायक. त्यांचे यजमान मात्र बहुतांशी हिंदू, विशेषतः राजपूत. यजमानाच्या घरी बाळ जन्मलं, लग्न ठरलं की गाणं यांचं. घराण्याची वंशावळ यांना तोंडपाठ. कृष्णाची भजनं आणि सूफी कलाम एकाच बैठकीत येतात. त्यांचं खास वाद्य कमायचा. आंब्याच्या लाकडाचा वाटोळा भोपळा, त्यावर बकऱ्याचं कातडं, आणि गजाने निघणारा खर्जातला भरदार सूर. साकर खाँ यांना या वाद्यासाठी 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. या परंपरेला जगासमोर आणलं कोमल कोठारी यांनी. विजयदान देथांबरोबर त्यांनी 1960 मध्ये बोरुंदा गावात रूपायन संस्थान उभं केलं. देथांची एक कथा आपल्याला ठाऊक असते; अमोल पालेकरांचा ‘पहेली’ तिच्यावरच बेतलेला आहे. कोठारींच्या कल्पनेतून जोधपूरजवळ साकारलेलं अरना-झरना संग्रहालय चुकवू नये. तिथे राजेरजवाड्यांच्या तलवारींऐवजी केरसुण्या मांडल्या आहेत. कुठल्या भागात कुठलं गवत उगवतं आणि ते कोण बांधतं, ते त्यांवरून कळतं.

जोधपूरहून जैसलमेरला जाताना वाटेत फलोदी लागतं. शेजारच्या खीचन गावात दिवाळीच्या सुमारास कुरजां, म्हणजे करकोचे, हजारोंनी उतरलेले असतात. ते मंगोलिया-मध्य आशियातून येतात आणि मार्चपर्यंत राहतात. गावकरी त्यांना रोज धान्य घालतात. भल्या सकाळी पोहोचावं. माळढोकाची मात्र काळजी वाटते. सोलापूरजवळच्या नान्नजचा आपला हा पक्षी तिथून जवळजवळ नाहीसा झाला. देशात उरलेले बहुतेक जैसलमेर भागातच आहेत. तिथे त्याला गोडावण म्हणतात. देवाच्या नावाने राखलेली ओरणं, म्हणजे देवरायांची कुरणं, हा त्याचा आसरा. त्याच भागात आता सौर आणि पवन प्रकल्पांच्या वीजवाहिन्या आल्या आहेत. जडदेहाच्या या पक्ष्याला समोरच्या तारा वेळेवर दिसत नाहीत आणि तो त्यांवर आदळून मरतो. समला त्याचं प्रजनन केंद्र आहे, पण मोकळा माळ उरला नाही तर तिथली पिल्लं सोडायची कुठे?

शेवटी एक विनंती. जैसलमेरचा किल्ला 1156 मधला आहे आणि त्यात आजही हजारो लोक राहतात. घड्याघड्याने पाणी वर नेण्याच्या काळात तो निर्धास्त होता. नळ आले, मग अतिथीगृहं आली आणि सांडपाणी मुरून पायथ्याचे थर भुसभुशीत होऊ लागले. काही बुरूज ढासळले. 1996 मध्ये जगातल्या धोक्यात असलेल्या वास्तूंच्या यादीत त्याचं नाव आलं. किल्ला दिवसभर डोळे भरून पाहा, तिथली जैन मंदिरं आणि ताडपत्रांचं ग्रंथभांडार पाहा, गच्चीवर चहाही घ्या. मुक्काम मात्र खाली गावात करा.