वीस पटाची शाळा आणि सात लाख कोटींचा हिशेब

मागच्या लेखांकात राज्याचा बांधील खर्च पाहिला: पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचे व्याज. हे तिन्ही चुकत नाहीत, म्हणून कात्री लागते ती उरलेल्याला. १० मार्च २०२५ ला मांडलेला २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा. त्यात महसुली तूट ४५,८९१ कोटींची आणि लाडकी बहीण योजनेची तरतूद ३६,००० कोटींची. या ओढाताणीत शाळांवरचा खर्च आवरण्याचा जो मार्ग मंत्रालयाला वारंवार सुचतो तो खानदेशाच्या थेट अंगावर येतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिसळायच्या, असा तो मार्ग.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. तेव्हाच्या आकडेवारीनुसार राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या, त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले आणि २९,७०७ शिक्षक. सरकारच्या बाजूने हा हिशेब आधी प्रामाणिकपणे करून पाहू. शिक्षकाचा पगार सरासरी महिना ७०,००० रुपये धरला, तर वर्षाला सुमारे २,५०० कोटी होतात, म्हणजे एका मुलामागे सव्वा लाखाच्या वर. खर्च जास्त आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हीच रक्कम एकूण अर्थसंकल्पाशी ताडून पाहिली तर शंभर रुपयांतले पस्तीस-छत्तीस पैसे भरतात, आणि तेही सगळे वाचणार नाहीत. शाळा बंद झाली म्हणून कायम शिक्षक घरी जात नाही, तो समायोजनाने दुसरीकडे जातो. बचत होते ती पुढे, निवृत्तांच्या जागा न भरल्यामुळे. ज्या तुटीपायी हा खटाटोप चालला आहे ती ४५ हजार कोटींच्या पुढची आहे.

या प्रस्तावांसाठी नमुना म्हणून दोन ठिकाणे दाखवली गेली: पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातले तोरणमाळ. तोरणमाळ आपल्याच सातपुड्यातले, १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. पण तोरणमाळची शाळा निवासी आहे, हे पुढे सांगताना हळूच गळते. मुलांना राहायला खोल्या, दोन वेळचे जेवण, मुलींसाठी अधीक्षिका, रात्रीचा पहारा हे सारे उभे केले, तेव्हा पाड्यांवरची मुले एकत्र आली. म्हणजे समूह शाळा नीट चालवायची तर ती महाग पडते. काटकसरीचा उपाय म्हणून तोरणमाळचे नाव घेणे ही सरळ दिशाभूल आहे.

सगळ्याच कमी पटाच्या शाळा एका मापाने मोजाव्यात असेही नाही. सावदा-फैजपूरच्या केळीपट्ट्यात गावे मोठी, रस्ते बरे, आणि जिल्हा परिषद शाळेचा पट घटला तो बऱ्याच अंशी इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाड्या दारात आल्यामुळे. तिथे दोन शाळा एक केल्या तर फारसे कुणाचे बिघडणार नाही. साक्रीच्या पश्चिमेला, शिरपूरच्या उत्तरेला किंवा चोपडा-यावलच्या डोंगरपट्ट्यात तसे नाही. तिथे पट कमी आहे कारण पाडाच लहान आहे. पावसाळ्यात नाला भरून वाहिला की दीड किलोमीटर दहा किलोमीटरसारखे होते. शिक्षण हक्क कायद्याखालचे राज्याचे नियम पाचवीपर्यंत एक आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत शाळा मागतात ते याचसाठी. उलट १५ मार्च २०२४ च्या संचमान्यता (पटावरून शाळेची शिक्षकपदे ठरवण्याच्या) निर्णयानुसार सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की त्या वर्गांना शिक्षकाचे पदच उरत नाही. ऊसतोडीला आई-बाप निघाले की मुलेही सोबत जातात, पट आपोआप घसरतो आणि त्या घसरणीची शिक्षा परत आलेल्या मुलांना मिळते.

आठ-दहा मुलांच्या वर्गात शिकणे तरी कसले, हा आक्षेप वजनदार आहे. दोन शिक्षक, चार-पाच इयत्ता, त्यात माहिती भरण्याची ऑनलाइन कामे. पण तीस पटापर्यंतच्या शाळेला समग्र शिक्षाचे संयुक्त अनुदान मिळते ते वर्षाला १०,००० रुपये. त्यातच वीजबिल, खडू, फळा आणि नळाची तोटी. शाळेला असे उपाशी ठेवून तिची गुणवत्ता काढणे न्यायाचे नाही. अडचण आली की शिक्षणातच स्वस्त वाट शोधायची ही सवयही जुनी आहे. २००० साली महिना ३,००० रुपयांवर शिक्षणसेवक आले. तेच मानधन प्राथमिकला १६,००० व्हायला २०२३ उजाडले.

राज्याने पट मोजावा, पण त्याआधी अंतर मोजावे, आणि बचतीच्या प्रत्येक प्रस्तावासोबत मुलाच्या प्रवासाचा खर्च कोण सोसणार हे लिहून द्यावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत आपल्या शाळेची संचमान्यता मागून वाचा, आणि शाळा मिसळायचे पत्र आले तर नव्या शाळेचे अंतर, मधला नाला आणि गाडीची सोय या तीन गोष्टी ठरावात लिहूनच उत्तर पाठवा.